मागच्या जिन्याचं कुलूप

ती आग विझून जन्म लोटला, तरी आमच्या इमारतीच्या जिन्याचं दार दिसलं की तिचा वास अजून माझ्या नाकात येतो. परळला ज्या टॉवरमध्ये मुलानं घर घेतलं, तिथे प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी एक जाड दार आहे. त्याला वरच्या बाजूला लोखंडी हात बसवलेला असतो, तो दार आपोआप ओढून घेतो. पोरं त्यात चेंडू अडकवतात, कामवाल्या बाया पायपुसणं सारून ठेवतात, आणि आता तर तळमजल्याच्या दाराला सोसायटीच्या सेक्रेटरीनं बाहेरून कुलूपच ठोकलं आहे. मी हरकत घेतली तेव्हा तो हसून म्हणाला, "आजी, तुम्ही पोलिसात होता हे कबूल, पण दारांतलं तुम्हाला काय कळतं?"

दारांतलं मला काय कळतं ते त्याला उभ्या उभ्या सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहिते आहे. यात कुणाचंही नाव घेणार नाही. नोकरीत असताना ज्यांची नावं कागदावर चढवली त्यांना पुरेसा ताप झाला, आता पुन्हा नको.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. मुंबईत आज मोर्चा, उद्या हरताळ असं चाललेलं. मी पोलिसात नुकती सब-इन्स्पेक्टर झाले होते. शहरात आम्ही बायका पोलीस तशा थोड्याच, त्यामुळे आरोपी बाई असली की कुठल्याही ठाण्यातून आम्हाला बोलावणं यायचं. माझी उंची बेताची आणि अक्कल त्याहून बेताची. ताठा मात्र असा, की गणवेशाच्या साडीला कांजी घालताना आई म्हणायची, "साडीला कशाला, तुलाच बुडवून काढते." ती कांजी इतकी कडक असायची की मी बसले की साडी कुरकुरायची. मला तो आवाज अधिकाराचा वाटायचा. समोरच्याला तो पापड मोडल्यासारखा वाटत असणार.

आम्ही गिरगावातल्या चाळीत राहायचो. धाकटा भाऊ दर मोर्च्याला पुढे, आणि मी मोर्चा अडवणाऱ्यांच्या ओळीत. संध्याकाळी दोघं एकाच पंक्तीला. मी दारात शिरले की आई आतून म्हणायची, "सरकारची सून आली. पाट मांडा." भाऊ पाट मांडायचा आणि वर विचारायचा, "ताई, आज लाठी कुणाला मारलीस ते सांग, म्हणजे उद्या त्याला हळद घेऊन जातो." मी रागानं दोन भाकऱ्या जास्त खायची.

अशाच एका हरताळाच्या दिवशी लालबागजवळच्या एका गिरणीत आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिथल्या ठाण्यात बोलावलं. ठाण्याचे प्रमुख इन्स्पेक्टर, त्यांना मी इथे मोठे साहेब म्हणते, फायलीवरून नजर न काढता म्हणाले, "बाई आरोपी आहे. गिरणीच्या मॅनेजरनं खबर दिली आहे. जाळपोळीचं कलम लावलंय, जन्मठेपेपर्यंत जातं. दार तिनंच उघडं धरलं हे ती कबूल करते. तुम्ही तिच्याकडून फक्त एवढं काढा, की तिला कुणी सांगितलं. समितीतलं एखादं नाव निघालं तर बघा."

"दार उघडं धरलं म्हणजे काय, साहेब?"

"ते जाऊन बघा. बंबवाले अजून तिथेच आहेत."

मी गेले. तीन मजली गिरणी, वरच्या मजल्यावर दोन खाती लागून. एका खात्यात बाया कचऱ्याचा कापूस निवडायच्या. भिंतीपलीकडे वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायचं खातं. निवडण्याच्या खात्याची राख झाली होती आणि वाइंडिंगमधलं अर्धं सूत जळून गेलं होतं. माणूस एकही दगावला नव्हता. बंबाचे अधिकारी चिखलात उभे राहून चहा पीत होते. शांत माणूस. मी सलाम ठोकला, तसे म्हणाले, "बाई, दारांची माहिती आहे का?"

"दार म्हणजे दार," मी म्हटलं. हे उत्तर मी मान वर करून दिलं होतं हेही सांगून टाकते.

"दारं दोन जातींची," ते म्हणाले. "एक आगीसाठी, एक माणसांसाठी. आगीचं दार बंद व्हायला हवं आणि माणसांचं उघडायला हवं. बाकी सगळं सुतारकाम."

मग त्यांनी मला एकेक दाखवलं. खाली कापसाच्या गुदामाला वरून गुंडाळत येणारं लोखंडी शटर होतं. वर दोन खात्यांच्या मधल्या भिंतीत सरकतं दार. मला ते नुसतं लोखंडाचं वाटलं होतं, पण आत सागवानी फळ्यांचे थर आणि वरून पत्रा मढवलेला. नुसतं लोखंड तापलं की वाकतं आणि भोक पाडून आगीला वाट देतं. पत्र्यात कोंडलेल्या लाकडाला हवा मिळत नाही, त्याचा आतल्या आत कोळसा होतो, पण दार उभं राहतं. हे दार रुळावर सरकायचं. एका दोरीनं ते उघडं धरून ठेवलेलं असायचं, आणि त्या दोरीच्या मध्ये दोन पितळी पट्ट्या डागून जोडलेल्या. तो डाग असा कच्चा, की पाणी उकळायच्या आधीच वितळावा. आग लागली, पट्ट्या सुटल्या, दोरी तुटली, की दुसऱ्या बाजूला साखळीला लटकणारं लोखंडी वजन खाली येणार आणि दाराला ओढून बंद करणार. कुणी हात लावायची गरज नाही.

"आणि इथे?" मी विचारलं.

"इथे पट्ट्या वितळल्या. वजन निम्म्यापर्यंत आलं. पुढे हे." त्यांनी बोट दाखवलं. वजनाच्या खाली वाळूनं भरलेली लोखंडी बादली होती. आग विझवायला भिंतीवर टांगतात ती. वजन त्या बादलीवर आरामात बसलं होतं आणि दार माणूस आडवा जाईल एवढं उघडं राहिलं होतं. वजनाला कुंकवाचे जुने थर लागलेले. दसऱ्याला बाया त्याची पूजा करायच्या आणि त्याला म्हसोबा म्हणायच्या, हे मागाहून कळलं.

"आग कशी लागली?"

"शाफ्टाचं बेअरिंग तापलं असणार. तिथूनच सुरुवात दिसते. लावलेली वाटत नाही. पण या दारातून ती पलीकडे गेली हे खरं."

तिसरं दार मी त्या दिवशी नीट पाहिलंच नाही. निवडण्याच्या खात्यातून मागच्या जिन्यावर उघडणारं, दोन लोखंडी झडपांचं. मॅनेजरच्या जबाबात होतं, की नियमाप्रमाणे ते दार सताड उघडं होतं, बाया तिथून सहज उतरू शकत होत्या, आणि तरीही आरोपीनं आगीला वाट करून देण्यासाठी सरकतं दार अडवलं. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, त्या वितळणाऱ्या पट्ट्यांवर मी इतकी खूश झाले होते की दुसरं काही दिसतच नव्हतं. ठाण्यात येऊन मी हवालदारांना पेन आणि सुतळी घेऊन सगळी यंत्रणा समजावून सांगितली. म्हातारे हवालदार साताऱ्याकडचे. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "बाई, माझं पेन द्या आता."

आरोपी बाईला दुपारी आणलं. चाळिशीची, सडपातळ, दोन्ही तळहातांना पट्ट्या. खात्यात तिला सगळ्या वहिनी म्हणत, मीही तेच लिहिते. मी खुर्ची दाखवली. "बस."

"उभीच बरी. हेच्यार चोर बसतत."

"बस म्हटलं ना तुला."

"तुझ्या आवशीएवढी आसंय मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "अहो-जाहो तरी कर नीट."

माझी साडी कुरकुरली. मी 'तुम्ही'वर आले.

"वजनाखाली बादली तुम्ही ठेवलीत?"

"ठेवलंय."

"दार बंद होऊ नये म्हणून?"

"मगे कित्याक? म्हसोबाक बसाक पाट दिलंय."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या डोक्यान."

"समितीच्या कुणी?"

"समितीक आमचो म्हसोबा म्हायती नाय."

सगळ्या प्रश्नांना अशी ताडताड उत्तरं. मग मी विचारलं, "मागचं दार उघडं होतं. तिकडून का नाही गेलात?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, मग तिसऱ्या. दरडावून झालं, चहा मागवून झालं. त्या एका प्रश्नापाशी ती भिंत. शेवटी तिनंच मला विचारलं, "आमच्या बाया सगळ्यो बऱ्यो आसत मा?"

"आहेत."

"झाला तर," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली.

पुढच्या नोकरीत मी शेकडो लोकांची चौकशी केली. खोटारडा माणूस सगळ्या प्रश्नांना उत्तर देतो, नको तिथे जास्तच देतो. जो माणूस बाकी सगळं कबूल करून एकाच प्रश्नाला तोंड मिटतो, तो स्वतःला वाचवत नसतो. हे मला त्या दिवशी समजलं असं मी तरुण पोरींना सांगत असे. समजलं वगैरे काही नव्हतं. मला फक्त राग आला होता, की एवढी कांजी फुकट गेली.

रागारागानं मी परत गिरणीकडे निघाले. मागच्या जिन्याच्या पायथ्याशी फाटकाबाहेर एक कोळीण पाटी घेऊन बसायची. मला बघून तिनं बोंबलांवरचं ओलं फडकं नीट केलं. "काय गो पोलिसीणबाई, पकडलीस ना चांगल्या बाईला? आता मेडल घालतील तुला."

"ती काही सांगत नाही, त्याला मी काय करू?"

"तू विचारतेस काय तिला? आग कुणी लावली, समिती कुठे राहते. दार विचार, दार."

"कुठलं दार?"

तिनं हनुवटीनं वर जिन्याकडे दाखवलं. "दर हरताळाला सकाळी बाया आत जातात. हजेरी लागते, बिल्ला पडतो. मग एकेक करून ह्या जिन्यानं खाली, पदर खोचून मोर्च्याला. जाताना मला सांगून जातात, येताना बोंबील घेऊ, ठेव. त्या दिवशी पण मी वाटे घालून बसले. एक पण उतरली नाही."

"आग लागल्यावर?"

"तेव्हा पण नाही. उलट त्यांची नायकीण वर उभी राहून दार बडवत होती. बाहेरून गो, बाहेरून. दोन्ही हातांनी. बांगड्यांचे तुकडे इथपर्यंत आले."

नायकीण म्हणजे खात्यातल्या बायांवरची मुकादमीण. दार उघडं असेल तर ते बाहेरून बडवायचं कशाला?

"हे जबाबात लिहून घेऊ?"

"लिहून घे," कोळीण म्हणाली, "आणि उद्यापासून माझी पाटी तुझ्या ठाण्याच्या पायरीवर ठेव. फाटकावर कोण बसू देईल मग?"

त्यामुळे तिचा जबाब मिळाला नाही. मला दुसरा पुरावा लागणार होता. मी हवालदारांना बोलावलं, कोपऱ्यावरचा चहावाला आणि एक शिंपी पंच म्हणून घेतले, बंबाच्या साहेबांना निरोप धाडला आणि मागच्या जिन्यानं वर गेले. दोन्ही झडपा बाहेरच्या सज्जात उघडलेल्या, बाहेरचा पृष्ठभाग काजळीनं काळाकुट्ट. दाराखालच्या फटीतून धूर बाहेर आला असणार. बंबाचे साहेब आले, त्यांनी एक झडप हलवली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

"आग चालू असताना हे दार उघडं असतं, तर या कडा काळ्या झाल्या असत्या," ते म्हणाले. "दार मिटलेलं होतं."

मॅनेजरचा जबाब तिथेच पडला. पण मिटलेलं म्हणजे कुलूपबंद नव्हे. बाया घाबरल्या, त्यांनी ढकललंच नाही, असं कुठलाही वकील म्हणेल. साहेबांनी दोन्ही झडपा परत मिटवून ठेवल्या आणि नकाशा काढायला सज्जाच्या टोकाला गेले. मी विचारात पडले. त्या वयात मला विचारात पडणं म्हणजे हाताची घडी घालून कशाला तरी टेकून उभं राहणं, असं वाटायचं. मी दाराला टेकले.

"बाई, हलू नका," हवालदार म्हणाले.

"का?"

"तुमच्या पाठीला कुलूप लागलंय."

शिंपी तोंड दाबून हसत होता. मी पदर पुढे ओढून पाहिला. कांजी केलेल्या फिकट साडीवर दाराची काजळी जशीच्या तशी उमटली होती आणि मधोमध एक स्वच्छ जागा उरली होती. वर कमान, खाली फुगीर चौकोन. हातभर लांबून कुणीही म्हणालं असतं, कुलूप. धुराची काजळी सगळ्या दारावर बसली, पण जिथे कुलूप लटकत होतं तिथे बसली नाही. नंतर कुणीतरी कुलूप काढून नेलं, त्याची मोकळी जागा दारावर राहिली. मी जवळून पाहिलं असतं तर मला ती दारावरच दिसली असती. मी पाठीनं पाहिली.

बंबाचे साहेब धावत आले. आयुष्यात एवढं सभ्य भाषेत मला कुणी कधी झापलं नव्हतं. निम्मी खूण मी पुसली होती, निम्मी अजून दारावर होती. तिचा फोटो घेतला. पुरी खूण आता फक्त साडीवर, म्हणून हवालदार माझ्या पाठीकडे बघू लागले. साडी मुद्देमाल म्हणून जप्त करणं भाग होतं आणि ती मी नेसलेली होते.

बदलायला जवळचं बाईमाणसाचं घर म्हणजे गिरणीला लागून असलेल्या चाळीतली नायकिणीची खोली. मी तिथे मोठ्या धोरणानं गेले असं पुढे बरीच वर्षं ऐटीत सांगितलं. खरं म्हणजे ते पहिलंच दार होतं. नायकिणीनं मला काही न विचारता एक लाल चौकड्यांचं लुगडं काढून दिलं. तिच्या दोन्ही मनगटांना काळेनिळे डाग होते आणि हातात एकही बांगडी नव्हती. आतून मी साडी दिली, बाहेर हवालदारांनी ती पंचांसमोर झटकून पसरली. नायकीण दारात उभी राहून पाहत राहिली. भिंतीवर वहिनीचा आणि तिचा जत्रेतला फोटो होता. तेव्हा मला कळलं, की ह्या नणंद-भावजया.

मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त लुगडं सारखं करत म्हटलं, "तुमची भावजय सगळ्याला उत्तर देते. मागच्या दाराचं विचारलं की मात्र गप्प बसते. उद्या तिला कोर्टात नेतील."

ठाण्यात शिरले तेव्हा मोठे साहेब माझ्या लुगड्याकडे बघतच राहिले. मी पंचनामा पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, परत वाचला. "कुलूप कशाला घुसवलंत यात? आग पसरली, बाईनं दार अडवलं, बाई कबूल आहे. केस सरळ होती."

"बाया आत कोंडलेल्या होत्या, साहेब. मागचं दार बंद, समोरचं सरकत येतंय. तिनं ते अडवलं नसतं तर सगळ्या आत राहिल्या असत्या."

"हरताळाच्या दिवशी गिरणी चालू ठेवणाऱ्या मॅनेजरवर तुम्ही शिंतोडे उडवताय. वरून काय विचारणा होईल याची कल्पना आहे?"

"आहे."

"मग हा कागद बदला."

मी घसरणारं लुगडं सावरलं. "कागद बदलता येईल, साहेब. पण साडी जमा झालीय, पंचांच्या सह्या आहेत. बंबाच्या साहेबांनी फोटो नेलाय. साडीचा खुलासा मागतील तेव्हा मला कोर्टात उभं राहून सगळ्यांना पाठ दाखवावी लागेल."

"तुमची बदली होईल."

"होऊ दे. कांजी तिकडेही मिळते."

हे वाक्य मी तेव्हा खरंच म्हटलं की पुढे रचलं, याची मला आता खात्री नाही. पण कागद बदलला नाही, ही खात्री आहे.

एवढ्यात वहिनीला आणलं. टेबलावर गुंडाळलेली साडी होती, त्यातून काळा डाग दिसत होता. मी म्हटलं, "मागचं दार का घेतलं नाही ते आता कळलं. कुलूप कुणी लावलं होतं?"

तिनं साडीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. "ता धुवून टाक गो, पोरी."

"का?"

"ता कुलूप तुझ्या पाठीर नाय, माझ्या नणंदेच्या गळ्यात पडतला. लावूक लावणारो साहेब मोकळो सुटतलो. तो म्हणतलो, नायकिणीन आपल्या मनान लावलान. मगे तिका आत टाकशात. त्यापरीस माका टाका. माझो झिल मोठो झालो, तिची पोरां अजून ल्हान आसत."

मोठे साहेब काही बोलायच्या आत बाहेर गलका झाला. पहारेकरी कुणाला तरी अडवत होता आणि अडवता येत नव्हतं. दारात नायकीण उभी होती. तिच्यामागे निवडण्याच्या खात्यातल्या बाया जिन्यापर्यंत, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात पिशवी.

"वन्सं, घराकडे जावा," वहिनी ओरडली.

"वैनी, तू गप. एकदा तरी गप."

नायकिणीनं पदराखालून तांदळाचा डबा काढला, टेबलावर ठेवला, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक कुलूप वर काढलं. काळं, जड, तांदळाचे दाणे चिकटलेले.

"आग विझल्यार मॅनेजरान ह्या काढून माझ्या हातात दिल्यान, म्हणालो, गिरणीच्या तळ्यात टाक," ती म्हणाली. "मी टाकूक नाय."

मी साडी उलगडली. तिनं कुलूप त्या स्वच्छ जागेवर ठेवलं. कमानीवर कमान बसली, चौकोनात चौकोन. हवालदार वाकून बघू लागले.

"कुलूप मी लायलंय. माझ्या हातान," नायकीण म्हणाली. "साहेबान सगळ्या बायांच्या समोर सांगितल्यान, आज कोण मोर्च्याक पळता ता बघतंय. चावी त्यानच घेवन हापिसात ठेवल्यान. आग लागली तेव्हा मी चावी मागूक धावलंय, हापीस बंद. मगे येवन दार बडवलंय. आता लिवा. माझा नाव पयला घाला."

"माझं दुसरं," मागून एक बाई म्हणाली.

"माझं घाला," आणखी एक.

मोठ्या साहेबांनी कुलूप उचललं आणि साडीवर पुन्हा बसवून पाहिलं. ते वाईट नव्हते. वरच्या हुकमाखाली वाकून वाकून त्यांच्या पाठीला तीच सवय झाली होती. शेवटी त्यांनी हवालदारांना सांगितलं, "बाकं आणा. एवढ्या बायांचे जबाब उभ्यानं कसे घेणार?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही, ते लुगडं तरी नीट नेसा."

जबाब दिवेलागणीपर्यंत चालले. वहिनी ज्या खुर्चीवर बसायला तयार नव्हती, तिच्यावर तिनं नणंदेला बसवलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मध्येच एकदा वहिनीनं पट्टी बांधलेल्या हातानं नणंदेच्या मनगटावरचा डाग चाचपला आणि म्हणाली, "बांगड्यो भरूक व्हयो."

कोर्टानं वहिनीला सोडलं. नायकीण साक्षीदार झाली. तिचं नायकिणीचं काम गेलं, पुढे ती साध्या कामावर सगळ्यांबरोबर बसायची. मॅनेजरवर खटला उभा राहिला. गिरणीनं मोठा वकील दिला आणि तो खटला जसा झिजायचा तसा झिजला. माझी बदली शीवला झाली. घरी लुगडं नेसून गेले त्या दिवशी आई म्हणाली, "आज सरकारची सून माहेरी आली वाटतं." भावानं पाट मांडला आणि भाकरी स्वतःच वाढली. त्या गिरणीच्या मागच्या दाराला मात्र पुन्हा कुलूप लागलं नाही. पुढच्या हरताळाला बाया हजेरी लावून त्याच जिन्यानं मोर्च्याला उतरल्या. हे मला कोळणीनं सांगितलं, आणि बोंबलांचा भावही कमी केला नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं विचारतात. आगीचं दार आणि माणसांचं दार यांतला फरक शिकवला. पहिलं मिटलं पाहिजे, दुसरं उघडलं पाहिजे. माणसांवर विश्वास नसलेला कारभारी हमखास दुसऱ्याला कुलूप घालतो आणि त्याला शिस्त म्हणतो. बाकी दारं बदलली. आता पत्रा मढवलेली सरकती दारं गेली, आगीत फुगून फट बुजवणारी पट्टी लावलेली दारं आली, जाळीच्या काचेची आली, नुसतं अंग टेकलं की आडवा दांडा दबून उघडणारी आली. कुलूप तेच आहे.

आमच्या सेक्रेटरीला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, चोऱ्या होतात. आणि चावी वॉचमनकडे असतेच की."

"वॉचमन कुठे असतो?"

"असतो इथेच कुठेतरी."

"आमच्या वेळी ती हापिसात असायची," मी म्हटलं.

मग मी लिफ्टनं खाली गेले, माझी वेताची खुर्ची त्या दारासमोर ठेवली आणि कोर्टातून परत आलेली, कधीही न धुतलेली ती साडी पाठीवर घालून बसले. येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, आजी, हा डाग कसला. मी प्रत्येकाला सांगत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेनं खुर्ची आणून माझ्या शेजारी मांडली, मग पाचव्यावरचीनं.

कुलूप काल निघालं. माझी खुर्ची मी अजून उचललेली नाही.